क्ष दोन्हीकडे असतो

बँकेत वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजणारा माणूस गणितात पक्का असतो, असा आमच्या घरात एक समज आहे. तो दूर करायचा प्रयत्न मी कधी केला नाही. घरात आपल्याबद्दल चांगले समज असतात तरी किती!

परवा आमच्या आठवीतल्या कन्येनं वही पुढे केली. "बाबा, ४० लिटर मिश्रणात १० टक्के पाणी आहे, बाकी दूध. आणखी किती पाणी घातलं म्हणजे पाणी २० टक्के होईल?"

"हे गणित आहे की गवळ्याचं ट्रेनिंग?" असा विनोद करून मी थोडा वेळ काढला. मग चहाचा घोट घेत म्हटलं, "१० चे २० करायचे, म्हणजे १० टक्के वाढवायचे. ४० चे १० टक्के ४. घाल ४ लिटर!" बी. कॉम. माणसाला कागद लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत लाल फुली. तेवढ्यावर भागलं असतं. पण कन्येनं भर वर्गात बाईंशी वाद घातला होता. मुद्दा एकच : "माझे बाबा बँकेत आहेत." सगळा वर्ग हसला म्हणे.

रात्री तिनंच मला समोर बसवलं. "बाबा, तुम्ही ४ लिटर घातलंत, की मिश्रण ४० राहील का? ४४ होईल. त्यात पाणी ८. म्हणजे १८ टक्क्यांच्या जरा वर. म्हणून क्ष धरायचा. पाणी झालं ४ अधिक क्ष, आणि एकूण ४० अधिक क्ष. पाणी एकूणाच्या एक पंचमांश हवं. म्हणून पाण्याला पाचानं गुणायचं : २० अधिक ५ क्ष बरोबर ४० अधिक क्ष. ४ क्ष बरोबर २०. क्ष बरोबर ५! क्ष दोन्हीकडे असतो, बाबा."

मी सवयीनं ताळा करून पाहिला. ४५ लिटरांत ९ लिटर पाणी. पैन् पै जुळली. आमच्या गवळ्याला हे क्षाशिवाय जमतं, हा विनोद मी गिळला.

बँकेत आकडा चुकला तर त्यावर रेघ मारून शेजारी सही करावी लागते. मी वहीतल्या ४ वर रेघ मारली, ५ लिहिले आणि सही ठोकली. "बाईंना दाखव. चूक बाबांची होती म्हणावं."

तिनं सही निरखून पाहिली.

"तारीख राहिली, बाबा."