रविवारीं नागपूर कसें पाहावें

आमच्या वसतिगृहांत नरखेड तालुक्यांतील मुलें बरींच आहेत. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगांव, भिष्णूर, बेलोना हीं नांवें हजेरीपटावर वाचतांना मला घरीं गेल्यासारखें वाटतें, कारण मीहि त्याच मातींतला. महिन्यांतून एका रविवारीं पालकांनीं मुलांच्या भेटीस यावें असा येथील परिपाठ आहे. त्या दिवशीं सकाळच्या गाडीनें उतरलेले आईबाप हातांत फडक्याची शिदोरी आणि खांद्यावर संत्र्यांची थैली घेऊन फाटकांतून आंत येतात, अंगणांतील कडुनिंबाखालीं सतरंजी पसरतात, मुलास पोटभर जेवूं घालतात, आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तेथेंच बसून राहतात.

मी हें दृश्य कित्येक वर्षें पाहत आलों आहें. "बाहेर कां जात नाहीं?" असें विचारलें तर दोन उत्तरें ठरलेलीं. वडील म्हणतात, "आमाले शहरातलं काय समजते, सर?" आणि मुलगा म्हणतो, "नागपुरांत पाहण्यासारखें आहे तरी काय?" पहिलें उत्तर संकोचाचें, दुसरें ऐटीचें, खरें एकहि नाहीं. पुण्यामुंबईकडील पाहुणे नागपूर म्हणजे रामटेकास किंवा ताडोब्यास जातांना रात्र काढावयाचें ठिकाण असें समजतात, आणि आमचीं मुलें तेंच ऐकून तसेंच बोलूं लागतात.

गेल्या वर्षीं एका रविवारीं याहून वाईट गोष्ट घडली. आपल्याच तालुक्यांतील एका नववीच्या विद्यार्थ्याचे वडील असेच झाडाखालीं बसले होते. धोतर, डोक्याला उपरणें, पायांवर शेतांतली धूळ. शहरांतला एक वर्गमित्र तेथें आला आणि "हे कोण?" म्हणून त्यानें विचारलें. मुलगा खालीं पाहून म्हणाला, "आमच्या गांवचे एक जण आहेत." वडील संत्रें सोलीत होते. त्यांनीं तें ऐकलें, हें मला स्पष्ट दिसलें. त्यांचा हात थांबला नाहीं. फोडीवरच्या शिरा नीट काढून त्यांनीं पहिली फोड त्या मित्राच्याच हातावर ठेवली.

मी मुलाला त्या दिवशीं कांहीं बोललों नाहीं. असलें दुखणें उपदेशानें बरें होत नाहीं. पुढच्या भेटीच्या रविवारीं मात्र बापलेकांस मीं झाडाखालीं बसूं दिलें नाहीं. एका कागदावर दिवसभराचा बेत लिहून दिला आणि दोघांना बाहेर धाडलें. तोच कागद, थोडासा वाढवून, सर्व पालकांकरितां येथें देत आहें. मुलगा परत आल्यावर जें सांगत होता, त्यांतलेंहि थोडें मध्यें मध्यें येईल.

पहिली सूचना ही, कीं मुलानें परवानगी घेऊन स्टेशनावर सामोरें जावें, आणि दोघांनीं घाईनें बाहेर न पडतां पांच मिनिटें मागें वळून इमारत पाहावी. ही इमारत १५ जानेवारी १९२५ रोजीं उघडली. तिचा तांबूस दगड सावनेरचा, म्हणजे आपल्याच शेजारचा. हजारों माणसें रोज त्या भिंतीखालून जातात, परंतु दगड कोठला हें विचारणारा विरळा. आमच्या गृहस्थांनीं म्हणे त्या दगडावर हात फिरविला आणि आपल्या विहिरीचें बांधकाम कोणत्या दगडाचें आहे, तो याहून कसा निराळा, हें मुलाला समजावून दिलें. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकांत वालुकाश्म हा शब्द होता. त्याला हात लावण्याचा योग आजवर आला नव्हता.

स्टेशनाजवळच मेट्रो मिळते. नागपुरांत ती २०१९ सालीं सुरू झाली. सीताबर्डीस गाडी बदलावी आणि झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क येथें उतरावें. या दुसऱ्या मार्गाला ऑरेंज लाईन म्हणतात, तेव्हां नरखेडच्या माणसाला त्यांत परकें वाटण्याचें कारण नाहीं. तिकीट काढणें, फलाट शोधणें, सरकत्या जिन्यावर पाय ठेवणें, हीं सारीं कामें मुलानें करावीं. वडिलांनीं त्याचा हात धरावा. सरकत्या जिन्याची भीति वाटली तर साधा जिनाहि असतो, त्यांत कमीपणा नाहीं.

कस्तुरचंद पार्काच्या आसपास सकाळीं पोह्यांच्या गाड्या लागतात. आधीं तेथें थांबावें, कारण रिकाम्या पोटीं इतिहास डोक्यांत शिरत नाहीं. नागपूरचे पोहे म्हणजे तर्री-पोहे. खालीं हळदीचे मऊ पोहे, त्यांवर शिजविलेल्या लहान हरभऱ्यांचा पातळ, झणझणीत रस्सा, आणि रस्स्यावर तरंगणारें लाल तेल. त्या तेलालाच तर्री म्हणतात. वरून कच्चा कांदा, लिंबाची फोड, कोठें मूठभर शेव. पुण्याच्या पाहुण्यास हें पाहून घाम फुटतो, कारण त्याच्याकडे पोह्यांवर ओलें खोबरें असतें. आम्हां वऱ्हाड-नागपूरकडील लोकांना मात्र ही चव नवी नाहीं. गांवीं चण्याच्या रस्स्याशीं आपण भाकर खातों, शहरानें भाकरीच्या जागीं पोहे आणले इतकेंच. तर्री आरंभीं कमी मागावी, मागाहून वाढवून मिळते. दुपार होऊं लागली कीं पातेलें रिकामें, म्हणून उशीर करूं नये. जेथें माणसें उभीं राहून खात आहेत आणि पातेल्यांतून वाफ येत आहे, ती गाडी निवडावी. नांवाची पाटी पाहूं नये.

तेथून झिरो माईलचा खांब जवळच आहे. शेजारीं उधळलेले चार घोडे आहेत आणि मुलें बहुधा त्यांच्याकडेच पाहतात. हा देशाचा मध्यबिंदु असें सर्वत्र सांगतात. वस्तुतः इंग्रजी अमदानींत देशाची जी मोठी मोजणी झाली, तिच्यांतला हा प्रमाण दगड, १९०७ सालचा. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १०२० फूट. दगडावर गांवांचीं अंतरें मैलांत कोरलेलीं आहेत, आणि त्यांत छिंदवाडा, बैतूल, शिवणी, जबलपूर, चांदा हीं नांवें वाचतांना आपल्या सोयऱ्यांचीं गांवें वाचल्याचा आनंद होतो. नरखेडच्या पलीकडे पांढुर्णा, त्याच्याहि पलीकडे छिंदवाडा. आपल्या कितीतरी घरच्या लेकी त्या मुलखांत दिलेल्या आहेत. मोजणी म्हणजे काय हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. बांधाच्या वादांत ज्यानें मोजणीदार बोलावला आहे, त्याला या दगडाचें महत्त्व प्राध्यापकापेक्षां लवकर कळतें.

सीताबर्डीचा किल्ला समोर टेंकडीवर दिसतो. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई येथें झाली, आणि नागपूरच्या राज्याचें भवितव्य तेथेंच ठरल्यासारखें झालें. किल्ला लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशींच आंत जातां येतें. शक्य असल्यास यांपैकीं एखादा दिवस साधावा. एरव्हीं खालून पाहून पुढें जावें.

आतां शिदोरी. ती घरून आणली आहे म्हणून बाजारांत खावयाचें नाहीं, किंवा बाजारांत खाल्लें म्हणून शिदोरी लपवावयाची, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. महाराजबागेच्या बाजूला एखादी मोठी सावली पाहून ती उघडावी. ज्वारीची भाकर, चून, मिरचीचा ठेचा, कांदा. मुलानें मित्राला बरोबर आणलें असेल तर त्यालाहि बसवावें; शहरांतल्या मुलांना असलें जेवण क्वचित् मिळतें आणि तीं तुटून पडतात, हा माझा नेहमींचा अनुभव आहे. महाराजबाग भोसल्यांची, आतां ती कृषि महाविद्यालयाकडे आहे. तेथील प्राणिसंग्रहालय लहान मुलांकरितां ठीक. अजबबंगला, म्हणजे १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय, हेंहि याच भागांत आहे. शस्त्रें, नाणीं, मूर्ति, पेंढा भरलेले प्राणी असें तेथें पुष्कळ आहे. ज्याला दम असेल त्यानें सावकाश पाहावें, नसेल त्यानें दोन दालनें पाहून निघावें. एका दिवसांत सर्व पाहावयाचें असा हट्ट धरणारा माणूस संध्याकाळीं फक्त पाय दुखल्याचें सांगतो.

दीक्षाभूमि मात्र वगळूं नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, विजयादशमीच्या दिवशीं, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लाखों अनुयायांसह येथें बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य घुमटाकार स्तूप २००१ सालीं खुला झाला. बाहेर जोडे काढावे, आंत मोठ्यानें बोलूं नये. शाळेचें तोंड न पाहिलेल्या आजोबांनीं नातवाला पहिल्यानें शाळेंत कां घातलें, याचें उत्तर आपल्या तालुक्यांतील कित्येक घरांत या जागेपाशीं येऊन मिळतें. मुलांनीं तें आपल्या वडीलधाऱ्यांना येथें विचारावें. दसऱ्याच्या सुमारास मात्र गाड्यांना अपार गर्दी असते. लहान मुलें बरोबर असतील तर इतर दिवस बरा.

दुपार कलल्यावर महालांत जावें. गांधी दरवाजा, ज्याला पूर्वीं जुम्मा दरवाजा म्हणत, त्यांतून आंत गेलें कीं नव्या शहराचा दिमाख मागें पडतो आणि अरुंद गल्ल्यांचें भोसलेकालीन नागपूर लागतें. श्रावणांत आलांत तर चितारओळींत जा. मातीचे गणपति तेथें ओळीनें वाळत असतात आणि मूर्तिकाराचा हात डोळ्यांसमोर चालतो. याच दिवसांत, तान्ह्या पोळ्याकरितां, बाजारांत लांकडी बैल येतात, बोटाएवढ्यापासून वासराएवढ्यापर्यंत. आमचे बापलेक नेमके त्या दिवसांतच गेले होते. वडिलांनीं एकेका बैलाचा खांदा, वशिंड, शिंगांची ठेवण खऱ्या बाजारांत पाहावी तशी तपासली आणि एका मोठ्या, महागड्या बैलाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बैल जुवाले नाही चालत. खांदाच नाही याले." दुकानदार हंसला, आणि त्यानें स्वतःच आंतून दुसरा बैल काढून दाखविला. हा प्रसंग मुलानें रात्रीं जेवणघरांत सर्व मुलांना सांगितला. सांगतांना तो "माझे बाबा म्हणाले" असें म्हणत होता. मी वाढपाच्या टेबलापाशीं उभा होतों. ऐकलें आणि आमटी वाढत राहिलों.

याच भागांत पाटोडी-रस्सा मिळतो आणि मांसाहार करणाऱ्यांकरितां सावजी खानावळी आहेत. सावजी म्हणजे येथील हलबा कोष्टी विणकरांची पाकपद्धति. काळसर मसाला आणि डोळ्यांत पाणी आणणारा तिखटपणा. संवय नसलेल्या मुलाला परतीच्या प्रवासापूर्वीं तेथें नेऊं नये, हें मी शिक्षक या नात्यानें नव्हे, रात्रीं औषध देणारा या नात्यानें सांगतों. त्यापेक्षां एखाद्या गाडीवर लांब रोटी होत असेल तर ती पाहावी. बाया सैल कणीक हातावर झेलीत झेलीत कोपरापर्यंत ताणतात आणि पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकतात. रुमालाएवढी पातळ पोळी क्षणांत तयार. खाण्याइतकेंच तें पाहणेंहि सुखाचें आहे.

राहिला संत्र्याचा रस. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराचीं आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मृग बहाराचीं संत्रीं बाजारांत असतात. ताजा रस प्यावा तो त्या दिवसांत. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवावर या भागाचा हक्क कायद्यानें मान्य झाला. आमच्या मुलानें पुढच्या फेरींत, नोव्हेंबर महिन्यांत, आपल्या खर्चाच्या पैशांतून दोन पेले घेतले आणि एक बाबांपुढें धरला. बाबांनीं पेला उंच करून पाहिला आणि विचारलें, "याच्यात चार फळं गेले असतीन. बागेत चार फळाले काय भेटते, तुले मालूम हाय काय?"

मुलाला माहीत नव्हतें. मग त्या गाडीशेजारच्या कट्ट्यावर बसून त्यांनीं त्याला सारा हिशेब सांगितला. फळ झाडावर असतांनाच व्यापारी सबंध बाग ठोक कशी घेतो, पावसाळ्यांत फळगळ झाली कीं ठरलेला भाव कसा उतरतो, फवारणीला किती, पाण्याला किती, आणि उरलेल्यांतून वसतिगृहाची फी कोणत्या महिन्यांत निघते. मुलगा नववींत गणितांत पहिला होता, तरी हा हिशेब त्यानें कधीं मांडला नव्हता. रस पिऊन झाल्यावर त्यानें दोन्ही पेले स्वतः विसळून गाडीवर ठेवले, असें वडिलांनींच मला सांगितलें.

परतीच्या वाटेवर घराकरितां संत्राबर्फी घ्यावयास हरकत नाहीं, ती टिकते. माझें मत विचाराल तर सांबारवडी घ्या. पाहुण्यांना आधींच सांगून ठेवावें, कीं आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीं तर ते दक्षिणेकडच्या आमटीची वाट पाहत बसतात. बेसन-मैद्याच्या पातळ पारींत कोथिंबीर, खसखस, सुकें खोबरें भरून पुडीसारखी घडी घालतात आणि तळतात. कढीबरोबर ती खावी. हिंवाळ्यांत कोथिंबीर स्वस्त व कोंवळी, तेव्हां तिची चव न्यारी. घरीं न्यावयाची असेल तर गाडी सुटण्यापूर्वीं अर्धा तास आधीं घ्यावी, कागदांत मोकळी बांधावी, आणि डब्यांत कोंबूं नये. झांकण लावलेली गरम वडी काटोल येईपर्यंत मऊ पडते, आणि मग नरखेडास उतरल्यावर घरचीं माणसें विचारतात, कीं नागपुराहून हें काय आणलें.