आत्याची बरणी

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत: मिऱ्याकडचा पांढरा आणि मांडवीचा काळा. पाणी दोन्हीकडे सारखेच खारट. नावे पडली ती वाळूच्या रंगावरून. नवा पाहुणा आधी थिबा राजाचा वाडा पाहतो, मग रत्नदुर्गावर चढतो. मी मात्र थेट भाट्याचा पूल ओलांडून आत्याचे घर गाठतो. कारण गणपती गेले की तिच्या कोठीत दशमूलारिष्टाची बरणी बसते.

बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही दहा मुळे. शिवाय ज्येष्ठमध आणि इतर बरीच औषधे. काढा आटवून निवला की त्यात गूळ, मध आणि धायटीची सुकी लाल फुले पडतात. फुलांबरोबर आलेले किण्व गुळाचा मद्यार्क करते; साधारण पाच ते दहा टक्के. झाकण सैल ठेवून बरणी भाताच्या तुसात ऊबेला ठेवायची. तयार होते ते काळेभोर, कडवट-गोड औषध. पूर्वी घरोघर बाळंतिणीला देत.

आत्याचा नातू विलायतेत असतो. तिकडे १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. हा पठ्ठ्या खरपूस भाजलेल्या सातूची काळी 'स्टाउट' करतो आणि तीत ज्येष्ठमधाच्या काड्या टाकतो!

"घरचंच वळण ते," आत्या म्हणते, "फक्त दहा मुळं विसरला."

पण गेल्या साली आत्याच्याच बरणीचा शिरका झाला. एरवी ती बरणीला कान लावी. आतली चरचर थांबली की अरिष्ट झाले, झाकण उघडायला नको. आता तिला ऐकू येत नाही. म्हणून ती रोज झाकण काढून पाहत राहिली, हवा लागली आणि सगळे आंबून गेले. त्या दिवशी ती जेवली नाही, असे वहिनीने सांगितले.

यंदा पहिल्या खेपेलाच तिने मला तुसापाशी बसवले.

"कान लाव रे."

लांबून कौलांवर पाऊस येत असावा, तसा आवाज! मी हातवारे करून तिला सांगितला. कोजागिरीला गेलो तेव्हा सरी विरळ झाल्या होत्या. मध्येच एखादा बुडबुडा.

धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा झाली. मी पुन्हा कान लावला आणि बराच वेळ तसाच बसलो.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही!" मी ओरडलो.

तिने पेटती काडी बरणीत धरली. आत वायू साचलेला असता तर ती विझली असती. ज्योत तशीच राहिली. आत्याने चमचाभर माझ्या हातावर घातले आणि उरलेला थेंब स्वतः चाटला.

"पुढल्या भाद्रपदात मुळं तू आण," ती म्हणाली, "आणि आठ दिवस आधी ये. नुसते कान पुरायचे नाहीत."