यादीतला शेवटचा क्रमांक

विमानाच्या अंगावर रंगविलेले नाव आणि ते चालविणाऱ्याच्या वेतनपत्रकावरील नाव एकच असते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेत हा समज फार काळ टिकत नाही. तेथील एखाद्या लहान शहरातून पन्नास किंवा पाऊणशे आसनांच्या विमानात आपण चढलो, तर बाहेर ‘अमेरिकन ईगल’ ही अक्षरे दिसतात. परंतु आतला वैमानिक एन्व्हॉय, पीडमाँट किंवा पीएसए या कंपन्यांपैकी एकीचा नोकर असू शकतो. या तिन्ही कंपन्या अमेरिकन एअरलाइन्स समूहाच्याच मालकीच्या आहेत. तरी त्यांचा संसार वेगळा, वेतन वेगळे, वैमानिकांची यादी वेगळी. आईचे आडनाव लावायचे, आईच्या पाहुण्यांची ने-आण करायची. मात्र आईच्या पंगतीला आपले पान मांडलेले नाही, असा हा प्रकार आहे.

या दुजेपणाचे मूळ वैमानिकांच्या करारात आहे. मोठ्या कंपनीच्या वैमानिक संघटनेने अशी अट घालून घेतलेली आहे, की ७६ आसनांहून मोठे विमान उपकंपनीच्या हाती देऊ नये. आपली भाकरी स्वस्तातल्या हातांकडे जाऊ नये एवढीच तिची इच्छा. विमान लहान म्हणून पगारही लहान, हे मग ओघानेच आले.

वैमानिकाच्या आयुष्यात ज्येष्ठता यादीला केवढे स्थान असते, याची आम्हांला पूर्वी कल्पना नव्हती. रुजू झालेल्या तारखेवरून प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. कोणत्या शहरातून उड्डाण करायचे, कोणते विमान चालवायचे, कप्तानाच्या आसनावर कधी बसायचे, नाताळच्या रात्री घरी असायचे की परक्या गावच्या हॉटेलात, हे सारे तो क्रमांक ठरवितो. अंगच्या कौशल्याने तो वर सरकत नाही. वरचा कोणी निवृत्त झाला किंवा सोडून गेला, तरच सरकतो. शिवाय तो दुसऱ्या कंपनीत बरोबर नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभवी कप्तान दुसरीकडे गेला, की तो तेथे यादीच्या तळाशी. कंपनी बुडाली तर क्रमांकही तिच्याबरोबर बुडतो. डेल्टा कंपनीच्या संपूर्ण मालकीची ‘कॉमएअर’ सप्टेंबर २०१२ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या वैमानिकांना डेल्टाच्या यादीत आपोआप जागा मिळाली नाही. (आम्हां धर्मगुरूंची नावेही दीक्षेच्या तारखेनुसार छापली जातात, पण बदलीचे पत्र काढताना ती तारीख कोणी पाहत असेल, असे आम्हांला वाटत नाही.)

उपकंपनीतून मातृकंपनीत जायचे, तर एरवी परक्यासारखा अर्ज करावा लागतो, मुलाखत द्यावी लागते. अमेरिकन एअरलाइन्सने आणि तिच्या वैमानिकांनी १९९७ मध्ये निराळी वाट काढली. तिला तिकडे ‘फ्लो थ्रू’ म्हणतात. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जावे, तसे काहीसे. उपकंपनीतील जेट विमानांच्या कप्तानांनी आपल्या क्रमाने मातृकंपनीत जावे. पुन्हा मुलाखत नाही, कोणाची शिफारस नाही. आणि मातृकंपनीत कपात झालीच, तर तेथील वैमानिकांनी खाली उपकंपनीत येऊन कप्तानाचे आसन घ्यावे. पुढे करार बदलत गेले, तरी क्रम आला की वर जाण्याची कल्पना आजही टिकून आहे.

आम्ही वसईकडचे. सहार विमानतळावर रात्रपाळीला जाणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात पाहिलेली. पण या यादीचे भूत आम्हांला भेटले ते टेक्ससमध्ये. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन महिने आम्ही डॅलस-फोर्टवर्थ विमानतळाजवळच्या एका धर्मग्रामात तेथील धर्मगुरूंच्या जागी सेवेला होतो. रविवारपेक्षा मंगळवार-बुधवारच्या सकाळच्या मिस्सेला तेथे पुरुष अधिक दिसत. चौकशी केली तेव्हा कळले, की शनिवार-रविवारची सुट्टी ज्येष्ठांची. कनिष्ठांचा प्रभूचा दिवस ढगांत जातो.

त्यांतील एक गृहस्थ चाळिशीचा. अशाच एका उपकंपनीत कप्तान. तिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. मिस्सेनंतर तो आमच्याबरोबर कॉफीला थांबू लागला. ऑक्टोबर २००७ मध्ये तो रुजू झाला, तेव्हा त्याला सांगण्यात आले होते, की पाच-सहा वर्षांत तुझा क्रम येईल. प्रशिक्षणाचे कर्ज लाखभर डॉलरच्या घरात आणि पहिल्या वर्षाचे वेतन वीस-बावीस हजार. ‘‘पगार कमी वाटला नाही, फादर,’’ तो म्हणाला, ‘‘कारण आम्ही तो पगार मानलाच नव्हता. ते प्रवेशद्वाराचे भाडे होते.’’

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने वैमानिकांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६५ केले. ज्येष्ठांना न्याय मिळाला. परंतु वरच्या पायरीवरचा माणूस पाच वर्षे जागचा हलेना आणि खालची सारी रांग थबकली. पाठोपाठ २००८ ची मंदी आली. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याही आधीच्या पिढीचे हाल याहून चमत्कारिक होते. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर मोठ्या कंपन्यांत कपात झाली, तेव्हा १९९७ च्या कराराचे पाणी उलटे वाहू लागले. वरचे वैमानिक खाली येऊन कप्तानांच्या जागी बसले आणि ज्यांच्या हाती मातृकंपनीचा क्रमांक आधीच पडला होता, असे काही खालचे कप्तान तो क्रमांक खिशात घेऊन आहेत तेथेच राहिले. क्रमांक आहे, आसन नाही! लवादांपुढे हे वाद वर्षानुवर्षे चालले.

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. राहेलसाठी त्याने सात वर्षे लाबानाची चाकरी केली. प्रेमामुळे ती वर्षे त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. लग्नाची रात्र सरली आणि पाहतो तो पदरी लेआ! मग आणखी सात वर्षांची बोली. लाबानाने शब्द मोडला, असे त्याला म्हणता आले नसते. वडीलकन्येआधी धाकटीला देण्याची आमची रीत नाही, हे कारण त्याच्याजवळ तयारच होते. करार करणारा बलवान असला, म्हणजे रीत नेहमी त्याच्याच बाजूची निघते.

येथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. क्रमाने वर नेण्याची पद्धत आम्हांला मनापासून न्याय्य वाटते. तीत कोणाचा पुतण्या पुढे जात नाही, कोणाचे इंग्रजी उच्चार आडवे येत नाहीत. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्यासारखी ती उदार नाही, उशिरा आलेल्याला ती पहिल्याइतके कधीच देणार नाही. पण निदान तोंड पाहून टिळा लावीत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. हेच आश्वासन दाखवून अनेक वर्षे पगार खाली ठेवण्यात आला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुराच्या वेतनाला त्याच्या निर्वाहाचे माप लावले होते. त्या मापात उद्याच्या आशेसाठी वजावट ठेवलेली नाही.

त्या वजावटीचा हिशोब कधीकधी भलत्याच ठिकाणी होतो. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेले एक विमान उतरण्याआधी कोसळले. विमानातील ४९ आणि ज्या घरावर ते पडले तेथील एक, अशी ५० माणसे गेली. तिकिटावर कॉन्टिनेंटल कंपनीचे नाव होते, विमान चालवीत होती कोल्गन एअर. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने चुकीची हालचाल केली, हे तपास मंडळाने ठरविलेले कारण. परंतु चौकशीत आणखीही काही पुढे आले. तरुण सहवैमानिका सिएटलला राहत होती आणि आदल्या रात्री जवळजवळ सारा देश ओलांडून कामावर आली होती. तिची वर्षाची कमाई सोळा हजार डॉलरच्या आसपास होती. न्यूअर्कजवळ खोली घेणे त्या पैशांत कसे बसावे? त्या अपघातात दगावलेल्यांच्या कुटुंबीयांनी चिकाटी धरली आणि २०१० मध्ये कायदा झाला. २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणतः १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. लष्करातून किंवा विमानविद्येच्या पदवीसह आलेल्यांना त्यात सवलत आहे. वैमानिक दुर्मीळ झाले तसे पगारही वाढू लागले. २०२२ मध्ये अमेरिकनच्या तिन्ही उपकंपन्यांनी वेतनात मोठी वाढ केली. इतकी वर्षे न परवडणारी गोष्ट माणसे मिळेनाशी होताच परवडू लागली, याची नोंद करून ठेवावी.

आमच्या टेक्ससच्या मित्राचा क्रम अखेर त्या उन्हाळ्यात आला. अकरा वर्षे ज्या पत्राची वाट पाहिली, ते घेऊनच तो आमच्याकडे आला होता. चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो कप्तान झाला होता. घराजवळच्या तळावरून उडत होता आणि महिन्यातून दोन रविवार पत्नी आणि मुलांसोबत मिस्सेला बसत होता. वर जाणे म्हणजे कप्तानपद उतरवून ठेवून पुन्हा सहवैमानिक होणे. यादीच्या अगदी तळाशी, राखीव म्हणून, बहुधा न्यूयॉर्कच्या तळावर. टेक्ससमधल्या घरातून तेथे पोहोचायचे, तेही रिकामे आसन मिळाले तर. त्याची मोठी मुलगी सात वर्षांची होती आणि येत्या मे महिन्यात तिचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार होता. नकार देता येत होता. पण पुढचे पत्र केव्हा आणि कोणत्या अटीवर येईल, याची हमी कोण देणार?

त्याची पत्नी अधिक रोखठोक होती. अकरा वर्षे आपण या एका पत्रावर घर चालविले, आता रविवार मोजत बसू नकोस, असे तिचे म्हणणे. तो आम्हांला म्हणाला, ‘‘मेजवानीच्या त्या दाखल्यात शेवटच्या जागी बसलेल्याला यजमान वर बोलावतो. आमच्याकडे यजमान नाही, फादर. वरच्याने उठून जावे लागते.’’ सेमिनरीत आम्ही त्या उताऱ्यावर पुष्कळ भाष्ये वाचली होती; हे त्यांत नव्हते. पत्नीचे ऐक, एवढेच आम्ही त्याला सांगितले.

आपल्याकडचे पालक मुलाला वैमानिक करण्यासाठी जमीन विकायला निघतात, तेव्हा मुलगा कोणत्या यादीत जाणार आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. अमेरिकेत मिळविलेल्या परवान्याबरोबर तेथे नोकरी करण्याचा हक्क मिळत नाही, हेही बऱ्याच घरांत उशिरा कळते. आणि याद्यांची भांडणे काही सातासमुद्रापलीकडचीच नाहीत. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. मे २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाच्या वैमानिकांना, यावरून एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. वसईच्या किती घरांत त्या दिवसांत दोन भावांचे बोलणे बंद होते, ते आम्ही पाहिले आहे. इंडियन एअरलाइन्सची १९९६ ची उपकंपनी अलायन्स एअर तर २०२२ मध्ये मातृकंपनी टाटांकडे गेली तेव्हा सरकारकडेच राहिली. आई एका घरी, लेक दुसऱ्या.

सप्टेंबर २०१८ मध्ये तो वर गेला. मुलीच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी तो चर्चमध्ये होता, पण गणवेशात आणि शेवटच्या बाकावर. मिस्सा संपण्यापूर्वीच त्याला विमानतळ गाठायचा होता, असे त्याच्या पत्नीने कळविले. २०२० च्या महामारीत पुष्कळ ज्येष्ठांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली आणि ऑक्टोबरात कनिष्ठांची कपात झाली. कपातीची रेषा त्याच्या नावाच्या थोडी खालून गेली. ज्यांच्या नावांवरून ती गेली, त्यांतले दोघे त्याच्याच वर्गातले, जुन्या उपकंपनीतले. त्यांना पुढे परत बोलावण्यात आले.

आता त्याला डॅलसचा तळ मिळाला आहे आणि बहुतेक रविवार घरी मिळतात. कप्तानपदासाठी नाव देण्याइतका त्याचा क्रमांकही वर आला आहे. पण नाव दिले, तर पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा राखीव, पुन्हा नव्या रांगेत शेवटचा. मागच्या नाताळच्या पत्रात पत्नीने लिहिले आहे, की धाकट्याचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार येत्या मे महिन्यात आहे. तो होऊ दे, मग पाहू, असे या वेळी तो स्वतःच म्हणाला.