दोन बोल्ट

मनुष्याचा विश्वास किती सहज मिळतो हे पाहावयाचे असेल, तर त्याला लिफ्टमध्ये शिरताना पाहावे. वाण्याने दिलेली मोड दोनदा मोजून घेणारा गृहस्थ त्या पेटीत निमूटपणे उभा राहतो आणि आपला जीव दोरांवर टांगून वर्तमानपत्राची घडी उलगडू लागतो. दोर कोणी तपासले, केव्हा तपासले, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. या निर्धास्तपणाचे मोठे श्रेय एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराकडे जाते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो एका उघड्या पाळण्यावर उभा राहून उंच गेला आणि सर्वांच्या देखत त्याने वरचा दोर तोडवला. पाळणा किंचित खचला आणि तेथल्या तेथे अडकून राहिला. दोर केव्हातरी तुटणारच, असे गृहीत धरूनच त्याने आपले यंत्र रचले होते.

परंतु दोर तुटण्याहून मोठे भय जेथे आहे, अशाही लिफ्ट असतात. माझा एक जुना विद्यार्थी रंगांच्या कारखान्यात एंजिनियर आहे. पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीपुरताच त्याचा-माझा संबंध. तरी त्याने तो जपला आहे. एकदा त्याने मला आपला कारखाना दाखविला. रंग पातळ करणाऱ्या द्रवांची वाफ तेथे हवेत मिसळते आणि अशा हवेला एक ठिणगी पुरते. आता लिफ्ट म्हणजे तर ठिणग्यांचे माहेरघर. बटण दाबले, दार लागले, मोटार सुरू झाली, की कोठेतरी विजेची ठिणगी उडते. इतकेच काय, लिफ्ट कोसळू लागताच तिला रुळांवर घट्ट पकडणारे पोलादी जबडेही घर्षणाने ठिणग्या उडवितात. जे यंत्र पडणाऱ्याला वाचवावयाचे, त्यानेच साऱ्यांना पेटवून द्यावे! शिवाय ही वाफ हवेहून जड. ती लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात साचते आणि वरखाली धावणारी पेटी पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे तिला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर ढकलते.

म्हणून शक्य तेथे मोटार वाफेच्या कक्षेबाहेर ठेवतात, घासणारे भाग ठिणगी सहसा न उडविणाऱ्या पितळेसारख्या धातूंचे करतात आणि बटणांतून इतका क्षीण प्रवाह सोडतात की त्याच्या ठिणगीने वाफ पेटू नये. उरलेली विजेची उपकरणे जाड लोखंडी पेट्यांत बंद करतात.

“म्हणजे या पेट्यांत वाफ शिरतच नाही?” मी विचारले.

“शिरते, सर. आत स्फोटही होऊ शकतो. तो आतल्या आत संपावा, एवढ्यासाठीच पेटी असते.”

झाकण आणि पेटी यांच्यामधली फट केसाएवढी असते. तिच्यातून बाहेर पडताना ज्वाळा आपली उष्णता धातूला देऊन बसते आणि विझते.

हे ऐकताच माझ्यासारख्या साहित्याच्या मास्तराला हम्फ्री डेव्हीची आठवण व्हावी हे साहजिकच होते. ‘लिरिकल बॅलड्स’च्या दुसऱ्या आवृत्तीची विरामचिन्हे तपासून द्यावीत, अशी विनंती वर्ड्स्वर्थने १८०० साली ज्याला केली तोच हा रसायनशास्त्रज्ञ. १८१२ साली इंग्लंडातील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली. त्यानंतर १८१५ साली डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविली. खाणीतला वायू जाळीच्या आत पेटला, तरी ज्वाळा बाहेर पडताना निवून जाई. त्याने या दिव्याचे पेटंट घेतले नाही; केवळ मानवतेसाठी तो दिला.

पण त्या देणगीचे पुढे काय झाले? ज्या वायूमय खाणी पूर्वी भीतीने सोडून दिल्या होत्या, त्यांत आता दिवा हाती देऊन मजुरांना उतरविण्यात येऊ लागले. स्फोट थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड येथे ४३९ खाणकामगार मेले. स्फोटाची लाट विहिरीतून वर आली, तिने पिंजरा ओढणाऱ्या यंत्राचा मनोरा उद्ध्वस्त केला आणि तेथे काम करणारा मनुष्यही ठार झाला. नेमके कारण सिद्ध झाले नाही; इशाऱ्याच्या घंटेच्या तारांतील ठिणगी हे संभाव्य कारणांपैकी एक मानले गेले. खाणीच्या व्यवस्थापकास झालेला दंड २४ पौंडांचा होता.

माझ्या विद्यार्थ्याने मला जी गोष्ट सांगितली ती याहून फार लहान आहे. तीत कोणी मेले नाही. एकदा दुरुस्तीनंतर एका पेटीच्या झाकणाचे दोन बोल्ट बसवावयाचे राहिलेले त्याला दिसले. बोल्ट नाहीत म्हणजे फट रुंद, आणि फट रुंद म्हणजे पेटी असून नसल्यासारखी. तसे बोल्ट हाताशी नव्हते. त्याने लिफ्ट बंद केली. दिवसभर माल खालीच पडून राहिला आणि संध्याकाळी वरिष्ठांनी त्याला चार लोकांसमक्ष बोल लावले. दोन बोल्टांवाचून काय अडले होते, असा त्यांचा सवाल होता.

“काहीच अडले नव्हते, सर,” तो मला म्हणाला. “लिफ्ट अगदी पूर्वीसारखीच चालत होती. भीती वाटली ती त्याचीच.”

दोर झिजला तर त्याच्या तारा सुटलेल्या दिसतात, चाक बिघडले तर ते कुरकुरते. पण सुरक्षितता कमी झाली की काहीच ऐकू येत नाही. काम तसेच चालते, किंबहुना थोडे सोपेही होते. ओटिसचा दोर हजारो लोकांनी तुटताना पाहिला आणि टाळ्या वाजविल्या. त्या दिवशी लिफ्ट चालू राहिली असती तर कदाचित काहीही झाले नसते; आणि हे ‘कदाचित’ सिद्ध करण्याचा मार्ग एकच आहे, तो कोणी अवलंबू नये. म्हणून ज्याने आपत्ती टाळली त्याच्या हाती पुरावा कधीच नसतो. झालेले नुकसान मात्र वहीत मांडलेले असते.

डेव्हीला मानसन्मान मिळाले आणि त्यांस तो पात्रही होता. परंतु त्याची जाळी काय, ही लोखंडी पेटी काय, कोणीतरी रोज तिच्याकडे संशयाने पाहणारा असेल तोवरच ती खरी. त्या मनुष्याला पदक नको. चार लोकांसमक्ष बोल लावू नयेत, एवढेच पुष्कळ झाले.