मेकाँगच्या पुलावरील शिक्का

थायलंडच्या ईशान्य भागात मेकाँग नदीच्या काठी नोंग खाय हे शांत शहर वसले आहे. पलीकडच्या तीरावर लाओस. दोन्ही तीरांना जोडणारा मैत्री पूल ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने बांधला गेला आणि १९९४ साली खुला झाला. थायलंडमध्ये वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून धावतात, लाओसमध्ये उजवीकडून. म्हणून पूल ओलांडताना बाजू बदलावी लागते. हे अंतर काही मिनिटांचे. परंतु थायलंडमध्ये वर्षाच्या मुदतीवर राहणाऱ्या परदेशी माणसाचा निवासाधिकार तेवढ्यात संपुष्टात येऊ शकतो.

वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी व्यक्तीस तेथे निवृत्तीच्या आधारावर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठीचा रूढ मार्ग म्हणजे थाई बँकेत स्वतःच्या नावे ८ लाख बाथ. ही रक्कम अर्जापूर्वी २ महिने आणि मंजुरीनंतर ३ महिने अबाधित राहिली पाहिजे. त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली उतरता कामा नये. शिवाय सलग वास्तव्यात दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसास या अटी परक्या वाटत नाहीत.

मात्र ही मुदतवाढ राहण्याची अनुमती देते, बाहेर जाऊन परतण्याची नव्हे. त्यासाठी पुनःप्रवेश परवाना निराळा घ्यावा लागतो. तो न घेता सीमा ओलांडली की उरलेले महिने रद्द होतात. बँकेतील ठेव शाबूत असली तरी सारे नव्याने सुरू करावे लागते. एका फेरीच्या परवान्याचे शुल्क १,००० बाथ, अनेक फेऱ्यांच्या परवान्याचे ३,८००. दोन्हींची मुदत मूळ अनुमतीबरोबरच संपते.

बँकॉकच्या सिलोम परिसरात रत्नांचा व्यापार करणारी भारतीय कुटुंबे आहेत. व्यवसायाच्या वा कुटुंबाच्या आधारावर मिळालेल्या वार्षिक मुदतवाढीसही हाच नियम लागू आहे. निव्वळ हिशेबाने पाहिले, तर वर्षात चार फेऱ्या झाल्या तरच मोठा परवाना स्वस्त पडतो. परंतु मायदेशी कुणी अत्यवस्थ असल्याचा निरोप हिशेब पाहून येत नाही. बँकॉकच्या मुख्य विमानतळावरही परवान्याची सोय आहे. तरीही त्या घाईत तेथे रांगेत उभे राहण्यापेक्षा, मुदतवाढीचा शिक्का मिळेल त्याच दिवशी अनेक फेऱ्यांचा परवाना घेणे शहाणपणाचे. परदेशी राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचे पारपत्र एकदा उघडून, त्यावर हा दुसरा शिक्का आहे ना, एवढे मुलांनी अवश्य पाहावे.