मोतीच्या वाटची भाकरी

आमच्या शिर्डीत लेंडीबागेत साईबाबांच्या श्यामसुंदर घोड्याची समाधी आहे. तर्खडबाईंनी भुकेल्या कुत्र्याला भाकरी घातली, तेव्हा आपलंच पोट भरलं असं बाबा म्हणाले. साईसच्चरिताच्या ९व्या अध्यायात ही गोष्ट आहे. तरी आमचा मोती गेला तेव्हा "कुत्र्यासाठी एवढं रडायचं?" असं विचारणारे भेटलेच.

१२ वर्षं तो आमच्याबरोबर सूर्यास्ताआधीच जेवला. शेवटच्या घटकेला सासूबाईंनी त्याच्या कानात णमोकार म्हटला. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याला हाच मंत्र ऐकवला आणि तो यक्ष झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मोतीचं पुढं काय झालं, ते त्याचं कर्म जाणे. त्याच्या वाटची भाकरी मात्र मी रोज थापते. गल्लीतली दोन पिल्लं आता वेळ ओळखू लागली आहेत.