बिनवायरीचे हत्यार

खंडेनवमीला घरातली हत्यारे पाटावर मांडून त्यांची पूजा करण्याची चाल आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आमच्या वाडवडिलांनी तलवारी बाळगल्या होत्या की नाही, देव जाणे. आमच्या पाटावर मात्र विळी, अडकित्ता, करवत, हातोडा आणि सौ.ची शिवणाची कात्री एवढाच शस्त्रसंभार असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांत एका नव्या हत्याराची भर पडली. ते म्हणजे बॅटरीवर चालणारा लोखंड कापण्याचा ग्राइंडर. हळदकुंकू वाहून, झेंडूचे फूल ठेवून आम्ही त्याला नमस्कार केला. नमस्कारात भक्ती होती. जी भीती असायला हवी होती ती नव्हती.

आम्ही राहतो ते पलसाणे हे अशा यंत्रांचेच गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथून जातो, आणि धुळ्याकडला रस्ता बारडोलीवरून याच परिसरात येतो. त्या रस्त्याने कित्येक खानदेशी कुटुंबे पोटासाठी सुरतेकडे आली. सभोवार उसाची शेते आणि त्यांना लागून कापड रंगविण्याच्या गिरण्या. फॅब्रिकेशनच्या दुकानांतून ठिणग्यांचे कारंजे सतत उडत असते. रोज पाहिलेल्या गोष्टीचे भय वाटेनासे होते, हेच खरे.

संक्रांत जवळ आली. गुजराथेत त्या दिवशी, म्हणजे उत्तरायणाला, सारे गाव गच्चीवर असते. आमची नातवंडेही येणार होती. गच्चीच्या कठड्याचा एक आडवा गज गंजून अर्धा झाला होता. पोरे पतंगाच्या नादात त्याला टेकली तर अनर्थ व्हायचा. मिस्त्रीला बोलावण्याऐवजी आम्हीच ग्राइंडर घेऊन वर गेलो. गज कोपऱ्यात होता. चकतीवरचे लोखंडी कव्हर आड येत होते, म्हणून आम्ही ते काढून ठेवले. सहा वर्षांचा नातू शेजारी उभा राहून कौतुकाने पाहत होता. इतक्यात सौ.ने खालून तिळाच्या लाडवासाठी हाक मारली आणि तो धावत जिन्याने उतरला.

पुढचे सारे एका क्षणात घडले. गज निम्म्यावर कापला जाताच मध्ये वाकला, काप मिटला, चकती त्यात आवळली गेली. यंत्राने हाताला असा हिसका दिला की ते आमच्या छातीकडेच उसळले. चकती फुटली. एक तुकडा पाण्याच्या टाकीत घुसला आणि टाकीतून धार लागली. ती धार जमिनीपासून ज्या उंचीवर होती, ती उंची नातवाच्या कपाळाची होती.

आम्ही किती वेळ तसेच बसून होतो, सांगता येत नाही.

संध्याकाळी शेजारचे खानदेशी मिस्त्री आले. काढलेले कव्हर हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, "काका, पोरं पडू नयेत म्हणून तुम्ही कठडा नीट करत होता ना? मग या चकतीचा कठडा का काढला?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आम्ही हिशेब मांडला. चार इंची चकती मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेते. म्हणजे तिची कडा तासाला सुमारे १६० किलोमीटर वेगाने धावते. आमच्या महामार्गावर कोणी त्या वेगाने गाडी हाकली तर आम्ही त्याला वेडा म्हणू. हा वेगवान ग्राइंडर १९५४ साली एका जर्मन कारखान्याने प्रथम बनविला. तेव्हापासून त्याला वायर होती, आणि ती वायर म्हणजे एक प्रकारचा लगामच होता. यंत्र कुठवर न्यायचे ते ती ठरवी. पिन उपसली की यंत्र निर्जीव होई. बॅटरीने तो लगाम गेला. आता यंत्र शिडीवर जाते, गच्चीवर जाते, आणि फळीवर पडलेले असतानाही जिवंतच असते.

मिस्त्रींनी त्या दिवशी शिकविलेले आम्ही आता वेदवाक्य मानतो. चकती बदलताना आधी बॅटरी काढायची. धनुष्याची प्रत्यंचा उतरविल्यासारखेच ते आहे. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी नसावी, आणि तिच्या मधल्या कड्यावरची मुदत उलटलेली नसावी. कापायच्या चकतीने घासू नये. कव्हर काढू नये, बाजूची मूठ लावावी, दोन्ही हात यंत्रावर असावेत. चकतीच्या रेषेत आपण उभे राहू नये, दुसऱ्यालाही राहू देऊ नये. काप मिटणार नाही असा आधार गजाला आधी द्यावा. बटण सोडले तरी चकती काही क्षण फिरत राहते. ती थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नये. नेहमीचा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. सैल बाही, पदर, ओढणी दूर ठेवावी. ठिणग्या म्हणजे लोखंडाचे जळते कण. आमच्या भागात घरोघर कापडाच्या चिंध्या असतात, हे विसरू नये. आणि रसायनाचे रिकामे पिंप पाण्यासाठी कापायला तर कधीच घेऊ नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

कठडा शेवटी मिस्त्रींनीच बसविला. टाकीही बदलली. भोक पडलेली जुनी टाकी भंगारात द्यायला मात्र आमचे मन झाले नाही, तिच्यात सौ.ने माती भरून कढीलिंब लावला आहे.

गेल्या खंडेनवमीला पाटावर ग्राइंडर मांडला तेव्हा त्याची बॅटरी काढलेली होती आणि कव्हर बसविलेले होते. शेजारी गॉगल होता. नातवाने विचारले, "आजोबा, चष्मा कुठे हत्यार असतो का?" आम्ही त्याला जवळ ओढले आणि त्याच्याच हाताने गॉगलवर हळदकुंकू वाहविले.